शिखर आणि परतीची वाट

प्रस्तावना

डोंगर दिसला की त्याच्या माथ्यावर जावे, असे माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या मुलांना ही ओढ गडकिल्ल्यांच्या निमित्ताने लागते. सपाट प्रदेशात राहणाऱ्यांच्या मनातही ती असतेच. गिर्यारोहणावरील बहुतेक लेखनात शिखर गाठल्याचा आनंद वर्णन केलेला असतो. प्रस्तुत पाठात मात्र शिखर न गाठता मागे फिरल्याची हकिकत आहे. रायपूर येथे मराठीचे अध्यापन करणाऱ्या लेखिकेने हा अनुभव या पाठ्यपुस्तकासाठी लिहिला आहे. मागे फिरणे म्हणजे हरणे असते का? सोबत्याचे गुपित राखणे नेहमीच योग्य असते का? हे प्रश्न मनात ठेवून पाठ वाचा.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• अनुभवकथनपर लेखनाची वैशिष्ट्ये सांगता येतील;
• अति उंचीवर शरीरावर होणारे परिणाम व घ्यावयाची काळजी स्पष्ट करता येईल;
• लेखिकेच्या चुकीविषयी व निर्णयाविषयी स्वतःचे मत मांडता येईल;
• संधी, समास व वाक्प्रचार ओळखून त्यांचा उपयोग करता येईल.

मूळ पाठ

(१)

आमचे रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर. चहूकडे भाताची खाचरे आणि गावोगावी तलाव. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून येथे मराठी कुटुंबे येत राहिली, स्थिरावली. आमच्या घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी, अशा तीन भाषांत आमचे बालपण गेले. डोंगर मात्र आम्ही पाहिला तो पुस्तकातच. सुट्टीत आजोळी पुण्याला गेले की मामा सिंहगडावर नेत. तेवढ्या चढणीने लागलेले वेड पुढे मला थेट हिमालयात घेऊन गेले.

सन २००९ च्या जुलै महिन्यात आम्ही आठजण लडाखमधील स्टोक कांगरी या शिखराकडे निघालो. उंची ६,१५३ मीटर. अशा शिखरांना 'ट्रेकिंग पीक' म्हणतात. कड्यांवर लोंबकळत चढण्याचे कौशल्य त्यांना लागत नाही. पण केवळ चालता येते म्हणून ती सोपीही नसतात. बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे म्हणजे क्रॅम्पॉन, हातात हिमकुऱ्हाड, कमरेला दोर आणि सोबत जाणता वाटाड्या, एवढे तरी असावेच लागते. आमच्या गटाचे प्रमुख अनेक मोहिमा केलेले गृहस्थ होते. वयाने मोठे म्हणून आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. गटात सर्वांत लहान होती महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी. तिचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. वर्षभर ती रोज पहाटे पाठीवर वाळूची पिशवी घेऊन जलकुंभाच्या पायऱ्या चढली होती. आमच्यात सर्वांत काटक तीच.

रायपूर सोडले तेव्हा पाऊस लागला होता आणि शेतांत रोपणी चालू होती. दिल्लीहून मनाली आणि मनालीहून दोन दिवस रस्त्याने प्रवास करून आम्ही लेहला पोहोचलो. तेथे ढग नव्हते, गवत नव्हते. नजर जाईल तिकडे तपकिरी, जांभळे, उघडेवाघडे डोंगर. लडाखमध्ये वर्षाकाठी सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, असे दादांनी सांगितले. आमच्याकडे श्रावणातल्या एखाद्याच दिवशी तेवढा पडून जातो!

लेहची उंची साडेतीन हजार मीटर. पहिले दोन दिवस दादांनी आम्हांला केवळ विश्रांती घ्यायला आणि भरपूर पाणी प्यायला लावले. तिसऱ्या दिवशी स्टोक गावातून पायी निघालो. गावाच्या शेतांत जव हिरवागार डुलत होता. दोन शेतांच्या मधून पाण्याचा पाट वाहत होता. एक वृद्ध स्त्री दगड आणि मातीचा गोळा सरकवून पाटाचे तोंड दुसऱ्या शेताकडे वळवीत होती. "जुले!" असे म्हणून तिने आमचे स्वागत केले. "हे पाणी कुठून येते?" असे मी खुणेने विचारले. तिने हात उंचावून शिखराकडे बोट दाखवले आणि पुन्हा कामाला लागली. त्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नाही.

(२)

चांगमा, मनकर्मो हे टप्पे मागे टाकत आम्ही सुमारे पाच हजार मीटरवरील तळछावणीवर पोहोचलो. वाटेत उभ्या उतारावर निळसर करड्या भरलांचा कळप चरताना दिसला. बिळाबाहेर उभे राहून शिट्टी घालणारे गुबगुबीत मार्मोट दिसले. सारे काही रम्य होते. पण पाय जड झाले होते. दहा पावले टाकली की श्वास अपुरा पडे.

दादांनी रात्री जेवणाच्या तंबूत त्याचे कारण समजावून सांगितले. "हवेतील प्राणवायूचे प्रमाण इथेही एकवीस टक्केच आहे. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. म्हणजे एका श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. शरीर याची सवय करून घेतं. पण त्याला वेळ द्यावा लागतो. ज्याचं डोकं दुखेल, मळमळेल, भूक जाईल, त्यानं मला लगेच सांगायचं. लपवायचं नाही. डोकं दुखत असताना वर जायचं नाही, हा इथला पहिला नियम."

दुसरा दिवस सरावाचा होता. त्या संध्याकाळी ती मुलगी जेवायला आली नाही. मी तिच्याच तंबूत होते. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"काय गं, काय होतंय?"

"डोकं ठणकतंय, ताई. एकदा उलटीही झाली. पण दादांना सांगू नका ना. ते मला इथंच ठेवतील. वर्षभर याच दिवसाची वाट पाहिली आहे हो."

तिच्या डोळ्यांत पाणी होते. मला ते पायऱ्या चढणारे तिचे पाय आठवले. आई-वडिलांची तिने किती मिनतवारी केली होती, तेही आठवले. माझे मन द्रवले. मी माझ्याजवळची डोकेदुखीची गोळी तिला दिली, थोडे कढत पाणी पाजले आणि पांघरूण घातले. तासाभराने ती म्हणाली, "आता बरं वाटतंय." मला तेच ऐकायचे होते. दादांनी तंबूबाहेरून विचारले, "दोघी ठीक ना?" मी उत्तर दिले, "हो दादा, ठीक आहोत."

आयुष्यात मी पुष्कळ खोटे बोलले असेन; पण त्या चार शब्दांइतके महाग पडलेले दुसरे आठवत नाही.

(३)

मध्यरात्री निघालो. अति उंचीवरची चढाई रात्री करतात. कारण तेव्हा बर्फ घट्ट असतो आणि उन्हाने तो मऊ होण्यापूर्वी परतता येते. डोक्यावरच्या विजेऱ्यांच्या उजेडाचे गोल एकामागून एक सरकत होते. बर्फावर क्रॅम्पॉनचा करकर आवाज, आणि आपल्याच श्वासाचा. बाकी सारे स्तब्ध. वर तारे इतके दाट होते की आकाशाला जागा उरली नव्हती.

हिमनदी ओलांडून आम्ही उभ्या चढाला लागलो. फटफटले तेव्हा सुमारे ५,६०० मीटरवरच्या एका लहानशा सपाटीवर थांबलो. पूर्वेला सिंधूच्या खोऱ्यापलीकडे आभाळ तांबूस होत होते. शिखर अगदी हाकेच्या अंतरावर वाटत होते. मी त्या मुलीला पाण्याची बाटली दिली. तिने ती उलटी धरली. पाणी हातमोज्यांवर सांडले, तरी तिला त्याचे काही वाटले नाही.

"हातमोजे ओले झाले ना गं!"

"बस कधी येणार, ताई?" ती म्हणाली.

मी सुन्न झाले. दादा दोन पावलांत तिच्यापाशी आले. त्यांनी बर्फावर हिमकुऱ्हाडीने एक सरळ रेघ ओढली आणि तिला एका पावलाला दुसरे पाऊल जोडून रेघेवरून चालायला सांगितले. तिसऱ्याच पावलाला तिचा तोल गेला. वाटाड्याने तिला सावरले.

"डोकं केव्हापासून दुखतंय?" दादांनी विचारले. ती काही बोलली नाही. मीच म्हणाले, "काल संध्याकाळपासून. मला ठाऊक होतं."

दादांनी माझ्याकडे पाहिले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "ताई, हे काल सांगितलं असतं, तर ही आत्ता खाली निजलेली असती." मग त्यांनी औषधाच्या पेटीतून तिला गोळी दिली आणि म्हणाले, "मेंदूला सूज येऊ लागल्याची ही लक्षणं आहेत. हिचं खरं औषध एकच, खाली उतरणं. आत्ता, या क्षणी. एक वाटाड्या बरोबर जाईल. आणखी कोण जाणार?"

मी वर पाहिले. शिखरावर ऊन पडले होते. माझ्या पायांत बळ होते, डोके दुखत नव्हते. मी पोहोचले असते, याची मला आजही खात्री आहे. त्या शिखरासाठी मी तीन वर्षे पैसे साठवले होते.

"मी जाते," मी म्हणाले. हे सांगण्यात मोठेपणा काही नव्हता. तिला तेथवर आणण्यात माझा वाटा होता. तिला खाली नेणे माझेच काम होते.

उतरण चढणीहून कठीण गेली. वाटाड्या पुढे, मध्ये ती आणि मागे दोर धरून मी. ती दर थोड्या वेळाने बर्फात बसकण मारी आणि "मला झोपू द्या" म्हणे. तिला बोलते ठेवण्यासाठी मी तिला रायपूरच्या तलावांची नावे विचारू लागले. "बूढा तालाब," ती म्हणे, मग बराच वेळ गप्प. "पुढचा?" "तेलीबांधा." तळछावणीवर आलो तेव्हा ऊन चांगले तापले होते. तेथेही थांबलो नाही. तिला घोड्यावर बसवून दुपारपर्यंत मनकर्मोला उतरवले. तेथे ती दोन तास गाढ झोपली. जागी झाल्यावर तिने मला विचारले, "ताई, आपण शिखरावर गेलो होतो का?"

"नाही गं," मी म्हणाले, "पण आपण परत आलो."

तेव्हा मला रडू आवरले नाही.

(४)

बाकीचे सहाजण त्या दिवशी शिखरावर पोहोचले. मी पुन्हा कधी गेले नाही. आता जाताही येणार नाही असे वाटते. गिर्यारोहकांची गर्दी, मागे राहणारा कचरा आणि आक्रसत चाललेली हिमनदी यांमुळे सन २०२० पासून स्टोक कांगरीवरील चढाई बंद करण्यात आली. स्टोक गावाचे पिण्याचे आणि शेतीचे पाणी त्याच हिमनदीतून येते. ही बातमी वाचली त्या दिवशी मला पाटाचे तोंड वळवणारी ती वृद्धा आठवली. लडाखच्या गावांत प्रत्येक शेताला पाळीपाळीने पाणी देण्यासाठी 'छुरपोन' नावाचा पाणीवाटप करणारा मनुष्य नेमतात. इतक्या जपून वापरायच्या पाण्याच्या उगमावर आम्ही काटेरी बूट घालून चाललो होतो. आम्हांला ज्यात केवळ शिखर दिसले, त्यात तिला आपले शेत दिसत होते.

१ जून २०२१ रोजी बस्तरच्या नैना सिंह धाकड यांनी एव्हरेस्ट सर केले. आमच्या छत्तीसगडला त्याचा केवढा अभिमान वाटला! परंतु उतरताना त्या इतक्या थकल्या की, त्यांना खाली आणण्यासाठी इतरांचे साहाय्य घ्यावे लागले. त्या सुखरूप परतल्या, म्हणून तो विजय पूर्ण झाला. ती बातमी ऐकताना मला एका पहाटेची बर्फावर ओढलेली सरळ रेघ दिसत होती.

आमची ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. विद्यार्थ्यांना सहलीला नेताना ती सर्वांना एक वाक्य पाठ करून घेते, असे तिने मला परवा सांगितले. ते वाक्य असे : 'मला बरे वाटत नाही, हे सांगायला लाजायचे नाही.'

शब्दार्थ

खाचर – बांध घातलेले भातशेत
अमदानी – कारकीर्द, राजवट
वाटाड्या – वाट दाखवणारा
रोपणी – भाताची रोपे लावणे
भरल – हिमालयातील रानमेंढीसारखा प्राणी
मिनतवारी – विनवणी
आक्रसणे – आकाराने लहान होणे
जुले – लडाखी भाषेतील अभिवादन

तुम्हांला माहीत आहे का?

• १८ मे १९९८ रोजी सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले. हे यश मिळवणारे ते पहिले महाराष्ट्रीय गिर्यारोहक होत.
• मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थी 'मिशन शौर्य' या उपक्रमांतर्गत एव्हरेस्टवर पोहोचले.
• छत्तीसगडचे चित्रसेन साहू यांनी दोन्ही पाय गमावल्यानंतर कृत्रिम पायांच्या साहाय्याने सन २०१९ मध्ये आफ्रिकेतील किलिमांजारो (५,८९५ मीटर) हे शिखर गाठले.
• गिर्यारोहणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी संस्था दार्जिलिंग येथे सन १९५४ मध्ये, तर उत्तरकाशी येथे सन १९६५ मध्ये स्थापन झाली.

पाठ समजून घेऊ

हा पाठ अनुभवकथन या प्रकारातील आहे. अनुभवकथनात घटना घडल्या त्या क्रमाने येतात; परंतु केवळ घटना सांगून लेखक थांबत नाही. त्या घटनेने आपल्याला काय शिकवले, याचा शोधही तो घेतो.

पाठाच्या मध्यभागी लेखिकेची चूक आहे. मुलीविषयी वाटणाऱ्या मायेमुळे तिने दादांपासून सत्य लपवले. येथे दोन मूल्यांचा संघर्ष दिसतो : एकीकडे सोबत्याचा विश्वास, दुसरीकडे त्याचा जीव. गोळीने डोकेदुखी दबली, पण आजार तसाच राहिला. ही बारीकशी गोष्ट लक्षात घ्या. दुखणे कमी वाटणे आणि दुखणे बरे होणे यांत अंतर आहे.

लेखिका आपल्या त्यागाचे कौतुक करीत नाही. 'हे सांगण्यात मोठेपणा काही नव्हता' असे ती स्पष्ट म्हणते. या प्रामाणिकपणामुळे तिच्या कथनावर आपला विश्वास बसतो.

शेवटच्या भागात पाठाचा आशय विस्तारतो. एकाच शिखराकडे गिर्यारोहक आणि शेतकरी स्त्री वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात. सुरुवातीला आलेल्या वृद्धेच्या खुणेचा अर्थ शेवटी उलगडतो. निसर्गात जाताना आपण कोणाच्या तरी घरात जात असतो, ही जाणीव पाठ करून देतो.

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) लेखिकेने दादांपासून मुलीची डोकेदुखी लपवली, कारण –
(i) तिला स्वतःला शिखरावर जायचे होते. (ii) तिला मुलीची दया आली. (iii) तिला दादांची भीती वाटत होती.
(आ) अति उंचीवर एका श्वासात कमी प्राणवायू मिळतो, कारण –
(i) हवा थंड असते. (ii) हवेचा दाब कमी असतो. (iii) हवा कोरडी असते.

२. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) दादांनी बर्फावर रेघ का ओढली?
(आ) 'छुरपोन' कोणाला म्हणतात?

भाषाभ्यास

१. संधी : 'गिर्यारोहण' हा शब्द गिरि + आरोहण असा बनला आहे. येथे इ + आ यांचा 'या' होतो. याचप्रमाणे 'प्रत्येक' आणि 'हिमालय' या शब्दांचा विग्रह करा.
२. समास : 'हिमनदी' (हिमाची नदी) हा षष्ठी तत्पुरुष समास आहे. 'आई-वडील' आणि 'गडकिल्ले' यांचा विग्रह करून समास ओळखा.
३. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : मन द्रवणे, सुन्न होणे, बसकण मारणे, महाग पडणे.

तुम्ही काय शिकलात?

• शिखर हा चढाईचा अर्धा टप्पा असतो. सुखरूप परत आल्यावरच ती पूर्ण होते.
• उंचीवर डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे ही लक्षणे लपवू नयेत; प्रकृती बिघडल्यास तत्काळ खाली उतरावे.
• खोट्या दयेपेक्षा वेळेवर सांगितलेले सत्य सोबत्याच्या अधिक उपयोगी पडते.
• डोंगर, हिमनद्या आणि त्यांच्या पायथ्याची गावे यांचे जीवन एकमेकांशी बांधलेले असते.

पाठान्त प्रश्न

१. लेखिकेची चूक तुमच्या शब्दांत सांगा. तिच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? (८० ते १०० शब्द)
२. 'पण आपण परत आलो' या वाक्यातून व्यक्त होणाऱ्या भावना स्पष्ट करा.
३. 'आम्हांला ज्यात केवळ शिखर दिसले, त्यात तिला आपले शेत दिसत होते.' या विधानाचा आशय लिहा.
४. मोहिमेचा प्रमुख म्हणून दादांचे गुणविशेष पाठाच्या आधारे लिहा.

उपक्रम

तुमच्या गावाला किंवा वस्तीला पाणी कोठून येते, याचा घरातील वडीलधाऱ्यांना विचारून शोध घ्या. त्या पाण्याच्या वाटेवर दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) – (ii), (आ) – (ii)
२. (अ) मुलीला तोल सांभाळून सरळ चालता येते का, हे पाहण्यासाठी दादांनी बर्फावर रेघ ओढली.
(आ) लडाखच्या गावांत शेतांना पाळीपाळीने पाणी देण्यासाठी नेमलेल्या माणसाला 'छुरपोन' म्हणतात.